तळे सर्वांचे, गाळ कोणी काढायचा?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांत काय चालते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोरे सकाळपासून रांगेत उभी असतात. पडद्यावर चक्र फिरत राहते. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,' असे सांगितले जाते. उद्याची एस.टी., उद्याचा बुडालेला रोज आणि उद्याची पुन्हा तीच रांग यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या हक्काचा दरवाजा आज संगणकाच्या आत आहे. रेशन, पेन्शन, रोजगार हमीची मजुरी, सातबारा, सगळेच आत गेले आहे.

'सर्व्हर डाऊन' हे शब्द आपल्याकडे पाऊस पडला नाही, गारपीट झाली अशा थाटात उच्चारले जातात. जणू ती दैवी आपत्ती आहे. दैववाद आम्ही १९५६ सालीच सोडून दिला आहे. यंत्रणा बंद पडते ती कोणीतरी तिची निगा राखली नाही म्हणून, आणि निगा राखली जात नाही ती कोणीतरी त्यासाठी पैसा आणि माणूस ठेवला नाही म्हणून. हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे व्हावे असा नाही. तो आपल्या समाजाचा प्रश्न आहे, म्हणून आज आम्ही तो घेत आहोत.

आधी थोडे समजून घेऊ. आपल्याला पडद्यावर अर्ज दिसतो. खाली कुठेतरी यंत्र असते, त्यावर माहितीचा साठा असतो. या दोहोंच्या मध्ये सॉफ्टवेअरचा एक थर असतो, त्याला मिडलवेअर म्हणतात. इकडचा निरोप तिकडे पोचवणे, आलेला माणूस खरा आहे का हे तपासणे, एकाच वेळी दहा हजार जण आले तर त्यांना रांगेत उभे करणे, घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे ही त्याची कामे. जुन्या गावगाड्यात चावडीचा निरोप घरोघर नेणारा, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणारा, रात्री वेशीवर जागणारा जो होता, तो कोण होता हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. तराळ दिसत नसे, पण तराळ नसला की गाव ठप्प होत असे. मिडलवेअर हा संगणकाचा तराळ आहे.

आज जगभर या थरातले बहुतेक सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता उघडी आहे. कोणीही वाचावी, कोणीही वापरावी, कोणीही बदलावी. अपाचे, टॉमकॅट, ओपनएसएसएल, पोस्टग्रेस ही नावे सामान्य माणसाने ऐकलेली नसतात, पण बँका, विमान कंपन्या, रुग्णालये आणि सरकारे त्यांच्यावर उभी आहेत. भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये धोरण जाहीर करून शासकीय यंत्रणांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य दिले. आधारची यंत्रणा उभारतानाही असे घटक वापरल्याचे प्राधिकरणाने सांगितले आहे. धोरण चांगलेच आहे, आमचा त्याला विरोध नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वाचण्याचीच बंदी होती त्यांनी उघड्या संहितेला विरोध करण्याचे कारण नाही. उघडे ज्ञान आणि सोवळ्यातले ज्ञान यांतून निवड करायची झाली तर आमची निवड ठरलेली आहे.

पण तळे सर्वांसाठी खुले झाले म्हणजे काम संपले का? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला होता. कागदावर तळे खुले होते. पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव आणि पाणी यांच्यात केवढे अंतर असते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार! ओपन सोर्सच्या तळ्याची गोष्ट मात्र उलटी आहे. येथे पाणी पिण्याला मज्जाव नाही. जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्या रोज टँकर भरभरून नेतात. तळ्यातला गाळ काढायला कोणी उतरायचे, एवढाच प्रश्न कोणी विचारत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा जगाच्या तोंडावर आदळला. ओपनएसएसएल नावाचे सॉफ्टवेअर संकेतस्थळावरची देवघेव गुप्त ठेवते. पासवर्ड, बँक खात्याचा क्रमांक, सगळे त्याच्या हाती. त्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. तो मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन वर्षे तसाच पडून होता. प्रमाणित सुरक्षित सर्व्हरांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे जवळपास ५ लाख सर्व्हर उघडे पडल्याचा अंदाज त्या वेळी निघाला. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले. मग लोकांनी विचारले, हे सांभाळतो कोण? उत्तर ऐकून जग ओशाळले. पूर्णवेळ काम करणारा एक माणूस, बाकी काही हौशी स्वयंसेवक आणि वर्षाला देणगी सुमारे २,००० डॉलर. ज्याच्या जिवावर जगाचा ऑनलाईन व्यापार चालतो त्याच्या देखभालीला जगाने दिलेला हा मोबदला!

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभारला. पण सवय सुटली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे'ची पाळी आली. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य यंत्रणांत नोंदवही लिहिणारा हा कारकून. नोंदवहीत परक्या माणसाने काही विशिष्ट अक्षरे लिहिली की हा कारकून ती नुसती नोंदवत नसे, हुकूम समजून अमलात आणत असे. परिणाम असा की घराबाहेरचा माणूस नुसते नाव सांगून घराचा मालक होऊ शके. दोषाच्या गंभीरतेची मोजपट्टी १० पर्यंत जाते, याला १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्तीला बसले ते पुन्हा स्वयंसेवकच. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, वर जगभरातून शिव्या. एकामागून एक सुधारित आवृत्त्या त्यांनी त्या महिन्यात काढल्या. अमेरिकन सरकारच्या पुनरावलोकन मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात म्हटले की हा दोष अनेक यंत्रणांत दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ राहील. कारण आपल्या यंत्रणेच्या पोटात हा घटक आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नाही.

येथे एक तुलना आमच्या मनात येते आणि ती आम्ही जपून करतो. महार वतनात माणूस चोवीस तास बांधलेला असे. पाटलाने, कुलकर्ण्याने, कोणत्याही अंमलदाराने हाक मारली की भाकरी टाकून उठायचे. मोबदला काय, तर इनामाचा तुकडा आणि बलुत्याचे मूठभर दाणे, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठीच: कामाचे स्वरूप ठरवा, मोबदला ठरवा, नाहीतर माणसाला मोकळे करा. वतन कायद्याने संपायला १९५८ साल लागले. आता ओपन सोर्सचा स्वयंसेवक काही अस्पृश्य नाही. त्याने हे काम स्वतः निवडले आहे आणि तो केव्हाही सोडू शकतो. आमच्या आजोबांना ती मुभा नव्हती. हा फरक विसरून कोणी दोन्ही दुःखे एका मापाने मोजू लागला तर तो आमच्या इतिहासाचा अपमान होईल. पण हाक मारणाऱ्याची वृत्ती मात्र ओळखीची वाटते. काम तुझे, हक्क माझा, मोबदल्याचे नंतर बघू!

दोष नेहमी तळ्याचाच असतो असेही नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे प्रकरण पाहा. अपाचे स्ट्रट्स या मिडलवेअरमध्ये दोष सापडला, त्याची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी फुकट उपलब्ध झाली. कंपनीत दोन दिवसांनी सूचनाही फिरली की ४८ तासांत ठिगळ लावा. एका जुन्या यंत्रणेवर ते लागलेच नाही. मे महिन्यात चोर शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. आत येणारी-जाणारी वर्दळ तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र दीड वर्षाहून अधिक काळ मुदतबाह्य होते, म्हणून पहारेकरी आंधळा होता. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने २०१८ च्या अहवालात ही चोरी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती असा निष्कर्ष काढला. आणि पायउतार झालेल्या मुख्य अधिकाऱ्याने काँग्रेससमोर काय सांगितले? खालच्या एका माणसाने निरोप पोचवला नाही! कंपनी एवढी मोठी, पण दोष मात्र शेवटी तराळाचाच.

मूळ दुखणे असे आहे की सॉफ्टवेअर बांधण्याला प्रतिष्ठा आहे, राखण्याला नाही. उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापतात, जाहिरात छापून येते. पाच वर्षांनी त्याच यंत्रणेच्या पोटातला घटक बदलला म्हणून कोणी नारळ फोडत नाही. हे फक्त संगणकाचे नाही. रस्ता बांधणारा इंजिनिअर साहेब आणि त्याच रस्त्याखालचे गटार साफ करणारा कोण, हे आपण जाणतो. जातीत श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी झालेली असते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. उभारणी करणारा वरच्या पायरीवर आणि निगा राखणारा खालच्या पायरीवर, ही उतरंड या देशाने इतकी मुरवून घेतली आहे की संगणकाच्या खोलीतही ती शिरली.

सॉफ्टवेअरला गंज चढत नाही, मग देखभाल कशाची, असे काही वाचक विचारतील. गंज चढत नाही, पण आजूबाजूचे जग बदलते आणि प्रत्येक घटकाला मरणतारीख असते. ओपनएसएसएलच्या १.०.२ या आवृत्तीची दुरुस्ती २०१९ च्या अखेरीस थांबली, १.१.१ ची सप्टेंबर २०२३ मध्ये. सेंटओएस ८ ही लिनक्सची आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे गृहीत धरून जगभर लोकांनी आपल्या यंत्रणा तिच्यावर उभ्या केल्या. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ती २०२१ च्या अखेरीसच बंद होईल. आठ वर्षांचे आयुष्य एका घोषणेत एका वर्षावर आले. लिनक्सच्या गाभ्याच्या दीर्घकालीन आवृत्त्या पूर्वी सहा वर्षे सांभाळल्या जात. सांभाळणारी माणसे थकली, म्हणून ती मुदत दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये सांगण्यात आले. आणि सरकारी यंत्रणा किती चालते? पंधरा वर्षे, वीस वर्षे. वीजकेंद्र आणि रेल्वेसारख्या कामांसाठी काही कंपन्यांनी एकत्र येऊन २०१६ पासून निवडक लिनक्स गाभे दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ सांभाळण्याचा प्रकल्प चालवला आहे. म्हणजे हे अशक्य नाही. त्यासाठी माणसे बसवावी लागतात, एवढेच.

मग सगळे एखाद्या मोठ्या खासगी कंपनीकडून विकत घ्यावे, कटकट मिटेल, असा सल्ला देणारे लगेच पुढे येतात. त्यांनी मे २०१७ आठवावा. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या ठिगळाविना चालू होत्या, 'वॉनाक्राय'ने इंग्लंडची सरकारी रुग्णालये ठप्प केली, ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. विकतचे सॉफ्टवेअरही मरते आणि मेल्यावर त्याची संहिता मालकाच्या तिजोरीतच राहते. उघड्या संहितेचे तसे नाही. मार्च २०२४ मध्ये रेडिस या लोकप्रिय मिडलवेअरच्या मालक कंपनीने परवाना बदलून अटी घातल्या, तेव्हा काही दिवसांतच त्याच्या जुन्या उघड्या संहितेवरून 'व्हॅल्की' नावाने वेगळे घर उभे राहिले. पुढच्या वर्षी मूळ कंपनीलाही खुला परवाना पुन्हा द्यावा लागला. तळे खासगी करू पाहणाऱ्यांना दिलेले हे उत्तर होते. पण वेगळे घर उभे करायला संहिता वाचता येणारी माणसे लागतात. ती आपल्याकडे, आपल्या सरकारात आहेत का?

येथे आमच्या राज्यकर्त्यांचे खरे पाप आहे. 'ओपन सोर्स' याचा अर्थ त्यांनी 'फुकट' असा केला. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. कमी दर भरता येतो तो देखभालीचा खर्च धरला नाही तरच. करार संपला की कंत्राटदार जातो, त्याची पोरे दुसऱ्या कंत्राटावर जातात आणि यंत्रणेच्या पोटात काय आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. ही पोरे कोण? कंत्राटी. ना नोकरीची शाश्वती, ना आरक्षण. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी बाह्य यंत्रणेकडून नोकरभरतीचा शासन निर्णय काढला होता. नऊ कंपन्या नेमल्या होत्या. बहुजन तरुण रस्त्यावर आला, ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला पण कंत्राटाची वाट मोकळीच राहिली, आणि संगणकाच्या कामात ती सर्वांत रुंद आहे. आमच्या हक्काची कागदपत्रे ज्या यंत्रणेत आहेत, तिच्या किल्ल्या आमच्या मुलांच्या हाती येणार नाहीत अशी ही व्यवस्था आहे. ती मुद्दाम केली की आपोआप झाली, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. परिणाम एकच.

बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना नदीखोऱ्यांच्या योजना आखल्या गेल्या. धरण बांधायचे आणि कंत्राटदाराला निरोप द्यायचा, असा त्यांचा विचार नव्हता. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला, तो आजचा केंद्रीय जल आयोग. वीजविषयक केंद्रीय तांत्रिक मंडळही त्याच काळातले. सरकारकडे स्वतःचे, कायमचे, तज्ज्ञ मनुष्यबळ असले पाहिजे ही त्यामागची दृष्टी होती. धरणाला जे लागू, ते आजच्या संगणक यंत्रणांनाही लागू आहे. १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आहेच. प्रत्येक राज्याने मिडलवेअरच्या देखभालीसाठी असा कायम संवर्ग का उभारू नये? पदे मंजूर करा, आरक्षणाने भरा. त्या माणसांनी आपल्या यंत्रणा सांभाळाव्यात, आणि वरच्या प्रकल्पांत सापडलेले दोष दुरुस्त करून पाठवावेत. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांतून अभियांत्रिकीची शेकडो मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि पुण्या-हिंजवडीत सहा-सहा महिने मुलाखती देत फिरतात. त्यांना हे काम शिकवायला कोणत्या ग्रंथाची पूजा बांधावी लागत नाही. संहिता उघडी आहे.

बाहेरचे देश स्वस्थ बसलेले नाहीत. जर्मन सरकारने २०२२ साली अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सार्वजनिक निधी उभारला, त्यातून लॉगफोरजेलाही पैसा मिळाला. युरोपीय संघाचा सायबर लवचीकता कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. विकणाऱ्याने सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवल्याच पाहिजेत असे त्यात आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या एका शेअर दलाली कंपनीने, झिरोधाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. खासगी दलालाला जे सुचले ते अब्जावधींची डिजिटल गर्जना करणाऱ्या सरकारला सुचू नये? केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: यंत्रणेत कोणकोणते घटक आहेत त्यांची यादी ठेवा. चांगले केले. ती यादी शिष्यवृत्तीच्या, रेशनच्या, जात पडताळणीच्या यंत्रणेची कोणाकडे आहे, त्यातल्या किती घटकांची मरणतारीख उलटून गेली आहे, हे आमच्या आमदारांनी अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकून विचारावे. राखीव मतदारसंघातून निवडून गेलेल्यांनी तरी विचारावे.

शेवटी एक अलीकडची हकिकत. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या चाचणीच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. त्याने खणायला सुरुवात केली आणि 'एक्सझेड' या माहिती दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो सर्वत्र पसरला असता तर जगातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरची किल्ली चोराच्या हाती गेली असती. चोर शिरला कसा? फिनलंडचे लासे कॉलिन हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होते. दुरुस्त्या उशिरा येतात म्हणून अनोळखी नावांनी लोक त्यांना टोचत राहिले. आपली मानसिक प्रकृती बरी नाही, हे हौसेचे बिनपगारी काम आहे, असे त्यांनी जून २०२२ मध्ये उघडपणे लिहिले. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला पुढे आले. दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि मग दरवाजा बसवला. थकलेल्या माणसाला कोणी हात दिला नाही, आणि दिला तो चोराने.

दोन महिन्यांनी, २९ मे २०२४ रोजी, चोरदरवाजा काढून साफ केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती काढणारे पुन्हा लासे कॉलिनच होते.